माळ्याचं खुरपं आपण का निवडतो?

आमच्या सोसायटीनं यंदा बागेसाठी ऑनलाइन एक सेट मागवला. पाच नग, हिरव्या रबरी मुठी, वर कापडी पिशवी. फोटोत फारच गोंडस. माळीमामांनी त्यातला छोटा खुरपा हातात घेतला, त्याची मान अंगठ्यानं दाबून पाहिली आणि पिशवीत परत ठेवला. म्हणाले, "दादा, हे कुंडीतलं हत्यार आहे. जमिनीतलं नाही." तिसऱ्या आठवड्यात मान काटकोनात वाकली. समितीचा निष्कर्ष : मामांना वस्तू नीट वापरता येत नाहीत.

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहिणाऱ्या असंख्य पुणेकरांपैकी एक. हीट ट्रीटमेंट परीक्षेपुरती वाचली होती. तिचा उपयोग झाला तो या मीटिंगमध्ये भांडायला. तो खुरपा पत्रा दाबून केलेला होता आणि मान दोन ठिपक्यांच्या वेल्डिंगवर उभी होती. रविवारी अर्धा तास मोगऱ्याला आळं करणाऱ्याला ते पुरतं. मामा रोज सहा तास मुरमात काम करतात.

रस्त्याकडेला पाल टाकून बसणारा घिसाडी खुरपं करतो ते बहुतेकदा ट्रकच्या कमानपाट्याचं. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणून ते पाणी धरतं. साध्या मऊ लोखंडाला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. पाणी देऊन झालं की पातं पुन्हा हलकं तापवायचं, नाहीतर काचेसारखं टवका उडून तुटेल. हे तापमान तो रंगावरून ओळखतो : गवती पिवळा म्हणजे २३० अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३००च्या. आम्हाला हाच रंगांचा तक्ता पाठ करायला लावला होता. त्याच्याकडे तक्ता नाही. भाता फिरवणारी बायको आहे आणि तीच पुढच्या मिनिटाला घण मारते. खुरप्याची धार गेली की दगडावर घासता येते, बोथटलं की शेवटून आणता येतं, मूठ फुटली तर बाभळीचा तुकडा कोरून नवी बसवता येते. रबरी मुठीला यातलं काहीच करता येत नाही.

"म्हणजे देशी तेवढं चांगलं का?" असं एका काकांनी विचारलं. अजिबात नाही. छाटणीच्या कात्रीत, म्हणजे सिकेटरमध्ये, मी खुशाल परदेशी घ्यायला सांगेन. फेल्को ही स्विस कंपनी १९४५पासून त्या बनवते. पातं, स्प्रिंग, नट असे भाग सुटे मिळतात. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करताना बोथट कात्री फांदी कापत नाही, चेंगरते. मग त्या टोकापासून फांदी काळी पडत खाली मरत येते आणि आपण म्हणतो, खत कमी पडलं! ओल्या फांदीला दोन पाती एकमेकांशेजारून सरकणारीच कात्री हवी. पातं सपाट पट्टीवर आपटणारी वाळक्या काटक्यांना ठीक. समितीनं नेमकी दुसरी घेतली. ती स्वस्त होती.

पण स्वस्त म्हणजे काय, हे कोणाच्या खिशाकडे बघून ठरवायचं? गेल्या दोन वर्षांत मामांनी स्वतःच्या पैशानं दोन खुरपी आणि एक कोयता आणला. तो खर्च ताळेबंदात कुठंच नाही. मनगटाला बांधलेला पट्टाही नाही. मला माझ्या कंपनीनं मनगट दुखू नये म्हणून वेगळा माउस दिला, तोही मी मॉडेल सांगून मागितला. मला तो कसा वापरायचा हे कुणी शिकवायला आलं नाही.

चोरीची भीती, हा दुसरा मुद्दा. चांगलं दिलं तर घरी नेतील म्हणे. ज्याच्या हातात बंद घरांच्या किल्ल्या देऊन आपण गावाला जातो, त्याच्यावर साध्या खुरप्यासाठी संशय!

खरी अडचण चिटणिसांनी शेवटी सांगितली : घिसाडी बिल देत नाही, ऑडिटर विचारतील. याच सोसायटीत गणपतीच्या ढोलवाल्यांना आणि दिवाळीच्या रांगोळीवालीला दरवर्षी व्हाउचरवर सही घेऊन पैसे दिले जातात. येत्या सभेत मी एकच ठराव मांडणार आहे : हत्यारांची वर्षाची रक्कम मामांच्या हातात द्यावी, निवड त्यांची, व्हाउचरवर सही त्यांची. अनुमोदक अजून मिळालेला नाही. मामांना विचारलं, किती लागतील? ते म्हणाले, "आधी तो पाट्याचा तुकडा बघू द्या."