परिपाठाच्या रांगेतलं रिकामं पोट

सकाळी सातची शाळा. प्रतिज्ञा अर्ध्यावर आली आहे आणि तिसऱ्या रांगेतला एक मुलगा पुढच्याच्या खांद्याला धरतो, मग मटकन खाली बसतो. क्रीडाशिक्षक धावतात, पाणी पाजतात. "काय खाऊन आलास रे?" उत्तर ठरलेलं: "चहा-बिस्किट." कधी तर नुसता चहा.

पुढच्या पालकसभेत या मुलाचा दाखला देऊन सांगितलं जातं, की नाश्ता करणारी मुलं जास्त खेळतात. पुरावा मात्र इतका सरळ नाही.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३३ सडपातळ प्रौढांवर सहा आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सकाळी अकराच्या आत किमान ७०० किलोकॅलरी खायच्या, दुसऱ्याने दुपारपर्यंत उपाशी राहायचं. खाणाऱ्यांनी नुसत्या हालचालीत रोज सरासरी ४४२ किलोकॅलरी जास्त खर्च केल्या. त्यासाठी कुणी व्यायामशाळा गाठली नव्हती. सकाळची साधी उठबस, चालणं-फिरणंच वाढलं होतं. पण ही सगळी मोठी माणसं. दुसऱ्या एका अभ्यासात भारतासह १२ देशांतल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रं बांधली गेली. आपल्याकडची मुलं बंगळूरची होती. आठवड्यातून किती वेळा नाश्ता होतो, याचा दिवसभराच्या हालचालीशी ठोस संबंध तिथे दिसला नाही.

आमच्या मते यात नवल नाही. मोठा माणूस तरतरी आली की उठून चार पावलं टाकतो. शाळेतलं मूल घंटा होईल तेव्हाच उठतं. शिवाय रात्री बाराला झोपून सव्वासहाला उठवलेल्या मुलाला ना भूक असते, ना धावायची इच्छा. दोन्हींचं मूळ झोपेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा राज्य शासनाचा २०२४ चा निर्णय झोपेसाठी होता. त्याने न्याहारीलाही वेळ मिळतो, हा वरकड लाभ.

मग पोटाकडे दुर्लक्ष करायचं का? मुळीच नाही. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा उतरतो आणि वजनाच्या मानाने मुलाचा मेंदू मोठ्यांच्या दुपटीच्या आसपास ग्लुकोज वापरतो. मात्र रांगेतली चक्कर बहुधा ताटकळत उभं राहिल्याने येते. रक्त पायांत साचतं. उकाडा, कमी पाणी आणि रिकामं पोट त्यात भर घालतात. अशा वेळी आडवं करून पाय उंच करावेत, लगेच उभं करू नये. आणि परिपाठ आटोपशीर ठेवावा, हे मुख्याध्यापकांना सांगायची जबाबदारीही क्रीडाशिक्षक म्हणून आपलीच.

तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईतून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला: उपमा, खिचडी, पोंगल. आपल्याकडे तेवढं होईपर्यंत क्रीडासाहित्याच्या कपाटात, शिट्टी आणि दोरांच्या शेजारी, चणे-गुळाचा डबा ठेवता येतो. वेळापत्रकही आपल्या हातात थोडंफार असतं: पहिल्या तासाला हलके खेळ, दमसासाची धाव खाऊच्या सुट्टीनंतर तासाभराने. आणि ६०० मीटरची वेळ टिपताना शेजारी दोन रकाने आखावेत: किती झोपला, काय खाल्लं.