पटाशी, लॅपटॉप आणि घमेलं

आमच्या घरातलं सगळं लाकूडकाम ज्यांनी केलं त्या सुतारकाकांनी माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली आहे. 2019 च्या ऑक्टोबरात मी दीड महिन्यासाठी जर्मनीला ऑनसाइट जाणार होतो. ते किचनची शेवटची दारं बसवत होते. बिजागरीचा स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "साहेब, तिकडनं पटाशा आणाल का? सहा. पैसे मी देतो. इकडं मिळतात, पण लई महाग पडतात."

आणल्या. साधारण दीडशे युरो झाले. परत येताना एका बॅगेत कपड्यांत गुंडाळलेल्या सहा पटाशा आणि पाठीवर कंपनीचा लॅपटॉप. विमानतळावर एक्स-रेमध्ये टोकदार लोखंड दिसल्यावर अधिकाऱ्याने बाजूला घेतलं. बॅग उघडली. "हे काय?" म्हटलं, पटाशा. "सुतारकाम करता?" नाही, सॉफ्टवेअर. तो हसला आणि जा म्हणाला. तेव्हा बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला 50 हजार रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट होती, त्यामुळे त्याने काही मेहेरबानी केली असं नाही. लॅपटॉपकडे तर त्याने बघितलंही नाही.

घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. माझ्यासारखा हौशी माणूस विमानातून पटाशी आणतो तेव्हा कर शून्य. मग बोहरी आळीत दुकानात ठेवलेली तीच पटाशी काकांना एवढी महाग का पडते? दोन शनिवार सीमाशुल्काचं दरपत्रक वाचण्यात घालवले. (बायकोच्या मते हा आजार आहे. असेलही.)

वाचायला मजा येते हो, खोटं कशाला सांगू! जगातली प्रत्येक वस्तू एका झाडावर टांगलेली आहे. ब्रुसेल्समध्ये जागतिक सीमाशुल्क संघटना आहे, तिची ही 'एचएस' पद्धत 1988 पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या जगाचे सारखे, पुढचे दोन आपले. हातहत्यारं 82 व्या प्रकरणात. 8202 करवती. 8203 कानस, पक्कड वगैरे. 8204 पाने. 8205 म्हणजे वर कुठेच न बसलेली बाकी सगळी, आपल्या भाषेत 'एल्स' ब्लॉक. त्यात हातोडी, रंधा, पटाशी, स्क्रूड्रायव्हर, शिकंजा, ऐरण. एकाहून जास्त मथळ्यांतली हत्यारं एका डब्यात किरकोळ विक्रीसाठी भरली की 8206.

आता काकांची पिशवी उलटी करा. पटाशी 82 मध्ये. तिला धार लावायचा दगड 68 मध्ये, कारण तो दगड. मेजरिंग टेप 90 मध्ये, स्पिरिट लेव्हलही 90 मध्ये, पण वेगळ्या मथळ्याखाली. हाताने फिरवायचं गिरमिट 82, त्याला मोटर लावली की 84, म्हणजे ते यंत्र झालं. दोन्हींत बसवायचं ड्रिल बिट पुन्हा 82. भांडण झालंच तर सोडवायला सहा नियम आहेत. त्यातला एक मला फार आवडला: वस्तू दोन मथळ्यांत सारखीच बसत असेल आणि कुठल्याच युक्तिवादाने निकाल लागत नसेल, तर जो मथळा आकड्यांत शेवटी येतो तो घ्यायचा. इतका प्रामाणिक टाय-ब्रेकर मी आजवर कुठल्याही कोडमध्ये पाहिला नाही.

पण झाड कसंही असो, माझं भांडण झाडाशी नाहीच. कुठल्या तरी फांदीवर वस्तू टांगावीच लागते. माझं भांडण फांदीवर लावलेल्या दराच्या चिठ्ठीशी आहे.

काकांची पटाशी घ्या. 100 रुपयांचा माल बंदरावर आला. मूळ सीमाशुल्क 10 टक्के. त्या 10 रुपयांवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 1 रुपया. झाले 111. त्यावर 18 टक्के आयजीएसटी, 19.98. एकूण 130.98. दुकानदाराचा नफा, वाहतूक वगैरे अजून पुढेच.

आता कारखानदार. 84 व्या प्रकरणातल्या बऱ्याच औद्योगिक यंत्रांवर मूळ शुल्क 7.5 टक्के आहे. 100 रुपयांच्या यंत्रावर अधिभार धरून 8.25, आणि वर आयजीएसटी. पण आयजीएसटीची त्याला वजावट मिळते, म्हणजे खरा बोजा 8.25 चाच. निर्यात करत असेल तर तोही नको. ईपीसीजी नावाची योजना आहे, तिच्यात शून्य शुल्काने यंत्र आणता येतं. अट एवढीच की वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची. सुताराने कुठली निर्यात दाखवायची?

आता माझं हत्यार. लॅपटॉप. मूळ सीमाशुल्क शून्य! जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार 1996 मध्ये झाला, भारत त्यात 1997 मध्ये सामील झाला आणि टप्प्याटप्प्याने 2005 पर्यंत संगणकावरचं शुल्क शून्यावर आलं. राहिला 18 टक्के आयजीएसटी, त्याची वजावट माझी कंपनी घेते.

म्हणजे हिशेब असा: माझ्या हत्यारावर शून्य, कारखानदाराच्या हत्यारावर सव्वाआठ आणि काकांच्या हत्यारावर जवळजवळ 31. कारण काका जीएसटीत नोंदलेले नाहीत. सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्तीच नाही, आणि ही छोट्या माणसाला सवलत म्हणून सांगितली जाते. पण नोंदणी नाही म्हणजे वजावट नाही. जो कर सगळ्या साखळीत फक्त पुढे सरकत जातो, तो काकांपाशी येऊन थांबतो. ते 'अंतिम ग्राहक'! पटाशी ते घरी शोकेसमध्ये ठेवतात, अशी बहुतेक सरकारची समजूत आहे.

इथे कोणी म्हणेल की अरे, हातहत्यारावर सूट देणं किचकट असतं, कोण काम करतंय आणि कोण हौस, हे कसं ओळखणार? हा मुद्दा मला मान्य झाला असता, पण सरकारने 82 व्याच प्रकरणाच्या पहिल्या ओळीत तो सोडवून ठेवला आहे. 8201, म्हणजे शेती, बागकाम आणि वनीकरणाची हातअवजारं. फावडं, कुदळ, खुरपं, विळा, कोयता, कुऱ्हाड. यांवर जीएसटी शून्य. छान आहे, असायलाच हवा. तिथे विकत घेणारा शेतकरी आहे का हे कोणी विचारत नाही. वस्तू त्या जातीची असली की झालं. त्यामुळे माझ्या बाल्कनीतल्या दोन गुलाबांसाठी मी झाड छाटायची कात्री आणली, तिच्यावर जीएसटी शून्य. रोज आठ तास पटाशी चालवणाऱ्या माणसाला 18 टक्के.

आणि एक गंमत. 2017 साली ही शून्य कराची यादी काढली तेव्हा त्या ओळीच्या शेवटी कंसात लिहिलं होतं: घमेलं सोडून. भारत सरकारच्या इंग्रजी अधिसूचनेत घमेलं! कुणीतरी बसून विचार केला असणार की घमेलं शेतात कमी आणि बांधकामावर जास्त दिसतं, तेव्हा ते सुटता कामा नये. मातीने भरलेलं घमेलं माफ आणि सिमेंटने भरलेलं नाही, हे ठरवता येईना म्हणून दोन्ही पकडले. नजर किती बारीक असू शकते बघा. फक्त ती सूट देताना लागत नाही.

मला सर्वात जास्त टोचलं ते मात्र जुन्या बॅगेज नियमांत सापडलं. 1998 च्या नियमांत परदेशातून काम करून परतणाऱ्या भारतीयाला 'व्यावसायिक साहित्य' एका मर्यादेपर्यंत विनाशुल्क आणता येत होतं. त्याची व्याख्या वाचा: सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी आणि अशांना धंद्यासाठी लागणारी हाताळण्याजोगी उपकरणं. पुढे स्पष्ट लिहिलं होतं की यात कॅमेरा, टाइपरायटर, पर्सनल कॉम्प्युटर वगैरे धरायचे नाहीत. आखातातून परतणारा मिस्त्री डोळ्यांसमोर ठेवून कोणीतरी ते वाक्य लिहिलं होतं. मग 2004 च्या जानेवारीत प्रवाशाला एक लॅपटॉप माफ झाला. 2016 साली बॅगेजचे नवे नियम आले, त्यात सुतार-प्लंबरवाली व्याख्या गळून गेली. आम्ही आत आलो, ते बाहेर गेले.

यात कोणाचं कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. आम्हाला आवाज होता, एवढंच. 2023 च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश निघाला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली आणि शेवटी नुसत्या नोंदणीसारख्या व्यवस्थेवर भागलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी काम केलं नव्हतं, सगळे भडकून मेसेज पाठवत होते. मीही. पटाशीसाठी कोण भडकणार?

आता 'मेक इन इंडिया'वाला आक्षेप. शुल्क काढलं तर चिनी माल येईल आणि जालंधर, लुधियाना, नागौरचे कारखाने बुडतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, तिथे लाखो हात गुंतलेले आहेत. पण 2025 च्या एप्रिलमध्ये नीती आयोगाचाच अहवाल आला आहे. त्यात म्हटलंय की भारताची हातहत्यारांची निर्यात सुमारे 60 कोटी डॉलरची, जागतिक व्यापाराच्या जेमतेम 1.8 टक्के, आणि चीनच्या तुलनेत आपला माल 14 ते 17 टक्के महाग पडतो. कारणं? कच्चा माल महाग, कर्ज महाग, कारखान्यापासून बंदर लांब. उपाय म्हणून सांगितलंय की कच्च्या मालावरचं आणि यंत्रांवरचं शुल्क आणि गुणवत्ता आदेशांची बंधनं सुधारा. म्हणजे आधी पोलाद महाग करून जालंधरचा पाना महाग करायचा, मग त्याला वाचवायला बाहेरच्या पान्यावर शुल्क लावायचं, आणि दोन्हीचा फरक सुताराच्या आणि फिटरच्या खिशातून काढायचा. आमच्याकडे याला बग झाकायला दुसरा बग लिहिणं म्हणतात. खरोखर कोणी तोट्यात माल ओतत असेल तर त्यासाठी अँटी-डंपिंग आहे. ते चौकशी करून, ठरावीक मालावर, ठरावीक मुदतीसाठी लावता येतं. सरसकट प्रत्येक हत्यारावर कायमचं कशाला?

आणि हो, अमेरिकेतल्या मित्रांनी हसू नये. तुमच्या दरपत्रकात पान्याचा मूळ दर 9 टक्के आणि पहार फुकट. 8206 च्या सेटला तर त्यातल्या सर्वात महाग दराच्या वस्तूचा दर लागतो, म्हणजे डब्यात एक चुकीचं हत्यार पडलं की सगळा डबा महाग. भारतात निदान ओळीओळीला वेगळे दर लावायचा खेळ एवढा नाही.

शेवटी सरकारचा स्वतःचा हिशेब बघा. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 पारंपरिक धंदे, त्यात सुतार आहे, आणि हातोडी व हत्यारं बनवणारे कारागीरही आहेत. हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत. उत्तम योजना, मी नावं ठेवणार नाही. पण 15 हजारांची हत्यारं 18 टक्के जीएसटीने घेतली तर त्यातले 2288 रुपये कराचे असतात. डाव्या हाताने दिलं, उजव्या हाताने त्यातलं थोडं परत घेतलं, आणि फोटो मात्र डाव्या हाताचाच!

माझी मागणी दोन ओळींची आहे. 8202 ते 8205 च्या हातहत्यारांवरचा जीएसटी 8201 सारखा शून्य करा. आणि मूळ सीमाशुल्क लॅपटॉपइतकं, म्हणजे तेही शून्य. जीएसटी शून्य केला की बनवणाऱ्याची वजावट अडकते हे मला माहीत आहे. मग 5 टक्के करा आणि त्याला परतावा द्या. पोलादाचं आधी सोडवा, मग टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत शुल्क उतरवा, तरी चालेल. संगणकाचंही तसंच उतरवलं होतं.

दरवर्षी बजेटच्या आधी अर्थखातं लोकांकडून सूचना मागवतं. यंदा मी पाठवणार आहे, मसुदा तयार आहे. रविवारी काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "ते घमेल्याचं लिहिलंय का त्यात?" म्हटलं, नाही, ते नुसतं ब्लॉगवर गंमत म्हणून लिहिणार होतो.

"तेबी घाला," म्हणाले. "मेव्हणा गवंडी हाय माझा."

घातलं.