अडखळणाऱ्या पावलांचा न्याय

रस्त्यानें कोणी झोकांड्या देत चालला कीं, 'दारू प्याला असेल' असा निकाल देण्यास आपणांस क्षणभरहि लागत नाहीं. हा निकाल केव्हां केव्हां घोर अन्यायाचा असतो, हें विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्या ध्यानांत आणून द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मेंदूचा एक क्रमाक्रमानें वाढणारा विकार आहे. टोरांटो येथील स्टील, रिचर्डसन व ओल्झेव्स्की ह्या तिघां डॉक्टरांनीं १९६४ सालीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. इंग्रजींत त्यास 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी' म्हणतात. ह्या विकारांत 'टाऊ' नांवाचें प्रथिन मेंदूच्या पेशींत सांचत जातें, आणि तोल, चाल व डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावतात. बहुधा साठीच्या सुमारास मनुष्य कारणावांचून पडूं लागतो. तोहि पुष्कळदां मागच्या मागें. पुढें वाणी जड होते, घास गिळणें कठीण होतें. आरंभीं हा कंपवातच वाटतो. परंतु त्यावरील औषधांचा येथें फारसा गुण येत नाहीं. रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप सांपडलेला नाहीं.

डडले मूर ह्या इंग्रज नटानें १९८१ सालच्या 'आर्थर' ह्या चित्रपटांत दारुड्याची भूमिका करून जगास हंसविलें. पुढें ह्याच विकारानें त्याची चाल व जीभ अडखळूं लागली, तेव्हां तो प्यालेलाच आहे असें लोकांनीं मानिलें. १९९९ सालीं त्यानें आपल्या रोगाचें नांव जाहीर केलें. २००२ सालीं तो वारला.

कोणी म्हणेल, 'खरे दारुडेहि असतातच. ते ओळखावे कसे?' माझें उत्तर असें कीं, ओळखण्याची घाई कशाला? पडलेल्यास आधीं हात द्यावा. चौकशी मागाहून करतां येते.

घरांतील वृद्धांविषयींहि हेंच. आजोबा पायरी चुकले कीं आपण रागावतों, 'खालीं पाहून चाला!' परंतु ह्या रोगांत खालीं पाहण्याचीच शक्ति आधीं जाते. जें त्यांस करतां येत नाहीं, त्याचाच आपण त्यांस दोष देतों. त्यापेक्षां जिन्यास कठडा बसवावा, वाटेंतील सतरंजी काढावी, ताट थोडें उंचावर ठेवावें, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी. मुद्रा निश्चल दिसली, तरी आंतील माणूस आपलें बोलणें ऐकत असतो.

रोग हटविणें आज आपल्या हातीं नाहीं. उपहास थांबविणें मात्र खास आहे.