झडती यंत्राची, जबाबदारी कोणाची?

जमिनीचा एक-चौदाचा उतारा मिळवायचा तर पूर्वी मामलेदार कचेरीत खेपा घालाव्या लागत. आता तो घरबसल्या पडद्यावर दिसतो. शिधापत्रिका, विजेचे बिल, इस्पितळातील नोंदी, बँकेतील ठेव, अशी संसाराची सारी कागदपत्रे एका पिढीच्या काळात कपाटातून निघून संगणकात जाऊन बसली. त्यामुळे लोकांची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कपाटाला कुलूप होते, किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे ठाऊक होते, आणि कोणी पान फाडलेच तर फाटलेली कड मागे राहत असे. संगणकातील कपाटाचे कुलूप म्हणजे आज्ञावली. ती ज्या मजकुराने लिहिली जाते त्या मूळ संहितेला तज्ज्ञ ‘सोर्स कोड’ म्हणतात. ही संहिता कोणी तपासली आहे काय, तीत कच्चे दुवे राहिले आहेत काय, आणि ते शोधण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचे राहिलेले नाहीत. ज्याच्या ज्याच्या नावावर उतारा आहे त्या प्रत्येकाचे ते आहेत.

संहिता तपासणारी यंत्रे आहेत, आणि ती जुनी आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाची तपासनीस आज्ञावली तयार केली, तिला १९७८ सालापासून गणले तर आता साडेचार दशके उलटून गेली. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेली कापसाची कुसे. धुतलेल्या कपड्यावरील कुसे झटकावीत तशा संहितेतील संशयास्पद जागा वेचून काढणे हे तिचे काम. आज अशी अवजारे शेकडो आहेत. ती लाखो ओळी वाचतात, थकत नाहीत, कंटाळत नाहीत, आणि माणसाची नजर जेथे चटकन घसरते तेथेच नेमकी थांबतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये अॅपल कंपनीच्या आज्ञावलीत उघडकीला आलेली चूक पाहा. एकच ओळ नजरचुकीने दोनदा लिहिली गेली होती, आणि त्यामुळे समोरची वेबसाईट खरी की खोटी हे पडताळणारा पुढचा भाग कधी चालतच नव्हता. ‘येथील ओळी कधीच अमलात येणार नाहीत’ असा इशारा देणारे साधे यंत्रही ही चूक पकडू शकले असते. तपासणीच न करणे हा गुन्हा आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

तथापि तपासणी झाली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मानणे ही त्याहून मोठी चूक आहे. त्याच वर्षीच्या ७ एप्रिलला जगजाहीर झालेले ‘हार्टब्लीड’ प्रकरण याची साक्ष देते. इंटरनेटवरील देवघेव गुप्त राखण्यासाठी जगातील असंख्य संगणक ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली वापरतात. समोरचा संगणक जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी एक छोटा शब्द पाठवायचा आणि तोच परत मागवायचा, अशी सोय तीत होती. शब्दासोबत त्याची लांबीही कळवावी लागे. ती लांबी खरी आहे काय, हे मात्र कोणी पडताळत नव्हते. एका अक्षराचा शब्द पाठवून ‘हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे’ असे सांगितले की समोरचा संगणक आपल्या स्मरणातील शेजारचा मजकूर, त्यात कोणाचे परवलीचे शब्द असोत की गुप्त किल्ल्या असोत, भाबडेपणाने मोजून देत असे. कॅनडाच्या कर खात्यातून या वाटेने सुमारे नऊशे नागरिकांचे ओळख क्रमांक चोरीला गेले.

ही चूक मार्च २०१२ पासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. संहिता खुली होती, कोणीही वाचावी. ती मूळ संहितेत घेण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने पाहिलीही होती. त्या काळी नावाजलेले ‘कोव्हेरिटी’ हे तपासनीस यंत्रही तिला पकडू शकले नाही; गौप्यस्फोटानंतर त्याच्या कर्त्यांनी ही मर्यादा मान्य करून यंत्राला नवा नियम शिकविला. यंत्राला जे शोधावयास सांगितलेले असते तेच ते शोधते. आणि माणसे तरी किती होती? ज्या आज्ञावलीवर जगाचा व्यापार विसंबून होता, तिच्यावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक होता, आणि वर्षाकाठी देणग्या येत त्या सुमारे दोन हजार डॉलरच्या. बड्या कंपन्यांनी फुकट मिळणारी वस्तू वापरली, परंतु तिची राखण कोण करतो याची चौकशी केली नाही.

यंत्राचे न ऐकल्याने जसा घात होतो तसा ते डोळे मिटून ऐकल्यानेही होतो. ‘डेबियन’ या संगणक-प्रणालीची देखभाल करणाऱ्यांना २००६ साली एका तपासनीस अवजाराने ओपनएसएसएलमधील काही ओळींबद्दल इशारा दिला. इशारा बंद व्हावा म्हणून त्या ओळी काढून टाकण्यात आल्या. गुप्त किल्ली तयार करताना लागणारी बेभरवशाची, म्हणजे कोणालाही अंदाज न बांधता येणारी, सामग्री नेमकी त्याच ओळींतून येत होती. परिणामी एका जातीच्या किल्लीच्या अवघ्या ३२,७६८ शक्यता उरल्या. चोराने त्या सगळ्या एकेक करून लावून पाहाव्यात इतके ते सोपे झाले. हे उघडकीला आले मे २००८ मध्ये. अहवालातील शेरा पुसला गेला, परंतु भिंत मात्र पाडली गेली. सरकारी कचेऱ्यांतील हिशेब तपासणीच्या शेऱ्यांची वासलात कशी लावली जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही.

या झाल्या अनवधानाच्या चुका. चूक मुद्दाम पेरली असेल तर? २०२४ साली ‘एक्सझेड’ या, मजकूर दाबून लहान करणाऱ्या साध्या आज्ञावलीत तेच घडले. ती सांभाळणारा एकटा स्वयंसेवक थकलेला होता. ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या कोणा इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे मदत करून त्याचा विश्वास मिळविला, देखभालीचे अधिकार हाती घेतले, आणि मग परक्याच्या संगणकात शिरण्याची चोरवाट तीत घातली. ही वाट संहितेच्या ओळींत नव्हतीच. ती चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या फायलींत लपविली होती, आणि ती जागी करणारा तुकडा फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. संहितेची झडती घेणाऱ्या यंत्राला ती दिसावी कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने ते सोडून दिले नाही, माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. एका चौकस माणसामुळे हे संकट टळले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तेव्हा ही उणीव भरून निघेल असे काही जण सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. ‘कर्ल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या कर्त्यांना अशा अवजारांच्या साह्याने काढलेल्या खऱ्या चुकांची मोठी यादी २०२५ साली मिळाली आणि त्यांनी ती कृतज्ञतेने दुरुस्त केली. परंतु याच माणसांना त्याच सुमारास यंत्राकडून लिहवून घेतलेल्या बनावट तक्रारींनी हैराणही केले. खरी चूक कोणती आणि नुसता गलबला कोणता, हे अखेर जाणत्या माणसालाच ठरवावे लागले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? सरकारच्या आज्ञावल्यांतही हीच खुली सामग्री वापरलेली असते. केंद्र सरकारने २०१५ साली ई-प्रशासनात खुल्या संहितेला प्राधान्य देण्याचे आणि सरकारसाठी तयार झालेल्या आज्ञावल्यांची संहिता खुली करण्याचे धोरण जाहीर केले. धोरण उत्तम होते. टीका झाल्यानंतर मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतु’ची संहिता खुली करण्यात आली आणि चुका दाखविणाऱ्यांना इनामही जाहीर झाले. त्याने आकाश कोसळले नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २०२२ साली सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत देण्याचे बंधन घातले, आणि २०२४ साली आज्ञावलीत कोणकोणते घटक वापरले आहेत त्यांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु वर्दी ही चोरी झाल्यानंतर द्यावयाची असते. घर बांधताना भिंत तपासली काय, हा आमचा प्रश्न आहे.

संहिता उघड केली तर चोरालाच वाट सापडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु बंद संहितेतही चोर वाट काढतातच. न दिसणारा असतो तो फक्त नागरिक. शिवाय जेथे संहिता उघड करणे खरोखरच धोक्याचे असेल, तेथे ती निदान ठेकेदाराहून वेगळ्या, स्वतंत्र तपासनिसाला दाखविण्यास हरकत कोणती? बांधणाऱ्यानेच आपल्या बांधकामाचा दाखला द्यावा ही रीत आपण पुलाच्या बाबतीत चालवून घेत नाही.

म्हणून राज्य सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. लोकांची कागदपत्रे हाताळणारी कोणतीही आज्ञावली विकत घेताना तिची मूळ संहिता व घटकांची यादी सरकारच्या ताब्यात आली पाहिजे, हे करारातच लिहावे. तपासणी उद्घाटनापूर्वी एकदा करून भागणार नाही. आज्ञावलीत प्रत्येक बदल होताना ती झाली पाहिजे. यंत्राने दिलेल्या प्रत्येक गंभीर इशाऱ्यापुढे ‘दुरुस्त केला’ किंवा ‘अमुक कारणास्तव दुर्लक्षिला’ असे लिहून जबाबदार अधिकाऱ्याने सही करावी, आणि दुरुस्तीनंतर त्याचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. चूक दाखविणाऱ्या तरुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता त्याचे आभार मानण्याची रीत पडावी. आणि मुख्य म्हणजे, हे काम करणारी माणसे नेमावीत. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दरवर्षी संगणक शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना बंगळूरची वाट धरावी लागते. त्यातील थोड्यांना जरी येथे या कामावर सन्मानाने बसविले तरी पुष्कळ साधेल. जर्मनीने २०२२ पासून खुल्या आज्ञावल्या सांभाळणाऱ्यांना सरकारी निधीतून पैसे देण्यास आरंभ केला आहे. तो दानधर्म नव्हे. आपणच ज्यावर उभे आहोत त्या जमिनीची ती डागडुजी आहे.

आमच्या खाजनांचे बांध ज्यांनी राखले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बांध फुटतो तो लाटेने कमी, आणि खेकड्याने पाडलेल्या, वेळीच न बुजविलेल्या बिळाने अधिक. बांधावरून रोज फिरणारा माणूस होता तोवर शेत पिकत होते. तो काढून घेतला तेथे खारे पाणी आत आले. संगणकातील बांधावर यंत्र जरूर फिरवावे, परंतु त्याच्यामागे चालणारा माणूस कोण, त्याला वेतन कोण देतो, आणि बीळ दिसूनही बुजविले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे सरकारने जनतेला सांगितले पाहिजे. विधानसभेत हा प्रश्न विचारण्यासाठी आमदारांनी एखादा बांध फुटण्याची वाट पाहू नये.