‘गॅस भरून द्या’ म्हणण्यापूर्वी

16 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय ओझोन दिन. 1987 साली याच तारखेला मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. फ्रिज-एसीतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर विरळ करतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. पुढे जगातल्या झाडून सगळ्या देशांनी हा करार स्वीकारला, ते वायू बंद केले आणि आज तो थर सावरतो आहे. पर्यावरणाच्या लढाईत इतके निखळ यश क्वचितच मिळाले असेल.

त्या वायूंच्या जागी जे हायड्रोफ्लुरोकार्बन आले ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. बहुतेकांच्या घरी हे ठाऊक नसते. यांपैकी आर-410ए हा गॅस एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलोच गॅस असतो. नऊशेएक लिटर पेट्रोल जाळावे, तेवढे हे नुकसान! म्हणूनच 2016 मध्ये किगालीत या वायूंच्या कपातीचे ठरले. भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली; आपल्याला 2047 पर्यंत 85 टक्के कपात करायची आहे.

मुदत लांबची असली, तरी गॅस आजच सुटतो आहे. ‘एसी थंड करत नाही, गॅस भरून द्या,’ असे आपण फोनवर सांगतो. मेकॅनिक येतो, उरलासुरला गॅस हवेत सोडतो, नवा भरतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणे, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, सांधा ब्रेझिंगने बुजवणे, व्हॅक्यूम करून मगच नवा गॅस वजनाने भरणे, ही खरी दुरुस्ती. तिला वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात. आपण दोन्हींत घासाघीस करतो. मेकॅनिकला एकट्याला दोषी धरणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

देशाच्या 2019 च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाचा संकल्प होता. पण शिकलेल्या हातांना यंत्रही हवे. गॅस काढून घेण्याचे यंत्र एकट्यादुकट्या कारागिराला परवडत नाही. तालुक्याच्या आयटीआयने ते माफक भाड्याने द्यावे. हवामानबदलावर इतका स्वस्त इलाज शासनाला सहसा सापडणार नाही.

वाचकांनीही पुढच्या वेळी ‘गॅस भरा’ न म्हणता ‘आधी गळती शोधा’ असे सांगावे, आणि त्या जादा तासाचे पैसे कारागिराला खळखळ न करता द्यावेत.