पोटाच्या आजाराला कंटाळून

आमच्या भंडाऱ्यात पेपराच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून भेटतेच: 'पोटाच्या आजाराला कंटाळून महिलेने जीवन संपविले.' वय, गाव, मर्ग दाखल. चार ओळींत बाई आटोपली. मी वीस वर्षं ही बातमी वाचतो आहे आणि त्या आजाराचं नाव एकदाही छापून आलेलं आठवत नाही. कोणता हो आजार? अल्सर? मुतखडा? की पोटात काहीच नव्हतं, आणि जे होतं ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही?

माझी मावसबहीण या चार ओळींत जाता जाता राहिली. लाखनी तालुक्यातली, पस्तिशीची, दोन लेकरांची आई. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. वर चतुर्थी, एकादशी. भगरसुद्धा नाही, नुसता चहा. सासू गावभर सांगे, "आमची सून लय धरमाची." आणि रात्री घर झोपलं की ही धरमाची सून अंधारात गंजाजवळ उभी राहून उरलासुरला भात संपवायची. मग न्हाणीतून ओकल्याचा आवाज. सकाळी पुन्हा उपास. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, वर्षानुवर्षं दिल्या. वजन घेत, लिहीत, पण मागचं पान उलटून बघत नसत. चारदा ब्लाउज आत घेणाऱ्या शिंप्याला तिची तब्येत जास्त ठाऊक होती.

मी एकदा विचारलं, "का वाटते तुले?"

"मले नाही समजत दादा. पोटात गोळा येते."

ती टाळत नव्हती. स्वतःच्या भावना ओळखता न येणं, त्यांना शब्द न सापडणं याला पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञाने 1970च्या दशकात ॲलेक्सिथायमिया असं नाव दिलं. खाण्याचे विकार जडलेल्यांत ते बरंच आढळतं. राग, लाज, दुःख, सगळ्यांचा मिळून पोटात एक गोळा. आणि आम्ही? पोरगी रडली की म्हणतो, रडू नको, चार घास खा. मोठेपणी घास गिळेना की म्हणतो, गॅस झाला.

"हे मुंबईच्या मॉडेलांचे नखरे, धानाच्या जिल्ह्यात कुठून आले?" असं मला एका शिकल्यासवरल्या गृहस्थाने सुनावलं. बाप्पा! कोठीत धान असलं म्हणजे घास उतरतो काय? नखऱ्याने माणसं मरत नाहीत. ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराने ग्रासलेले जे रुग्ण दगावले, त्यांतला दर पाचांतला एक आत्महत्येने गेला, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आहे.

पण मोजायचं कोणी? 2015-16 मध्ये निमहान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, 12 राज्यांत. महाराष्ट्र त्यांत नव्हता. 2022 मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या मात्र आमच्याच राज्यात नोंदल्या गेल्या: 22,746. विदर्भात तर शेतकऱ्याच्या आत्महत्येलाही सातबारा लागतो. कर्जाचे कागद जोडा, मग समिती ठरवणार, सरकारी मदतीला पात्र की अपात्र. सातबाऱ्यावर जिचं नावच नाही, ती 'आजारपण' या रकान्यात. देशाच्या 2022च्या आकडेवारीत कौटुंबिक समस्यांनंतरचं सगळ्यात मोठं कारण हेच, आजारपण. त्या रकान्यातल्या सगळ्या बायका माझ्या बहिणीसारख्या होत्या, असं मी म्हणत नाही. कोणी विचारलंच नाही, एवढंच म्हणतो.

एका संध्याकाळी बहीण मरायला निघाली होती. धाकट्या पोराने पदर धरला म्हणून थांबली. मग तिला नागपूरला नेलं. तिथे मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "जेवल्यावर ओकता का?" अकरा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कोणी विचारला होता. ती तासभर रडली.

तुमच्या घरात कोणाचे उपास वाढत चालले असतील, तर प्रसादाचं ताट बाजूला ठेवा आणि हेच विचारा. आणि जगणं नकोसं झालंय काय, हेही थेट विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते खूळ शिरत नाही. टेलिमानस या हेल्पलाइनचा नंबर 14416. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.