घर की इतिहास? हा प्रश्नच खोटा आहे!

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. तिथल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळत असेल तर त्याला विरोध करण्याचा अधिकार कोणालाही नाही. सामाईक संडासाला 'वारसा' म्हणणाऱ्यांनी आधी तिथे महिनाभर राहून दाखवावे.

पण 'घर हवे की इतिहास?' असा प्रश्न आपल्यालाच का विचारला जातो? दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या इमारतींत आजही माणसे राहतात. त्यांना कोणी विचारले नाही, की घर सोडता की इतिहास? त्यांना दोन्ही मिळाले. निवड करायची वेळ फक्त कष्टकऱ्यांवर येते.

कारण वारसा ठरवणाऱ्यांची नजर घुमट, कमानी आणि नक्षी शोधते. आपला इतिहास नक्षीत नाही, तो खोल्यांत आहे. बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात परळच्या बीआयटी चाळीत राहिले. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद याच काळातल्या. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी मैदानात पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. या चाळी १९२० च्या दशकातल्या. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. आपल्या चाळींनी शंभरी गाठली आणि त्याच सुमारास पोकलेन दारात आले!

दोष फक्त सरकारचा आणि बिल्डरचा आहे का? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' जिथे छापले गेले, तो बुद्धभूषण छापखानाही त्यात गेला. कारण दिले गेले, 'इमारत धोकादायक आहे.' आणि ही वास्तू परक्यांच्या नव्हे, ट्रस्टच्याच ताब्यात होती. समाज रस्त्यावर उतरला, पण पाडकाम झाल्यावर.

जमिनीवरचे हे असे, मग जमिनीखालचे कोण पाहणार? नालासोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात थेट १९५६ साली सापडला, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. आज त्या पट्ट्यात टॉवरचे पाये खोदले जातात. एखादा कोरीव दगड निघाला तर तो डंपरमधून भरावात जाणार नाही याची हमी कोण देतो?

आणि जीवाश्म? वरळीच्या टेकडीतल्या खडकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. कोणी म्हणेल, बेडकांशी चळवळीचा काय संबंध? मित्रांनो, संबंध सरळ आहे. पुराणे सांगणाऱ्यांना पुरावा लागत नाही. आपली सगळी लढाईच पुराव्यावर उभी आहे. पृथ्वी कशी घडली हे खडक सांगतो, आणि या भूमीवर बुद्धाचा धम्म किती खोल रुजला होता हे शिलालेख सांगतो. पुरावा नष्ट झाला की कथा सांगणाऱ्याचे फावते.

म्हणून मागण्या स्पष्ट असू द्या. पाडकामाच्या परवानगीआधी प्रत्येक वस्तीचे मोजमाप, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या मुलाखती झाल्याच पाहिजेत. प्रत्येक जुन्या वसाहतीतली किमान एक इमारत खोल्या, जिने, गॅलरीसह जपली पाहिजे. काचेच्या पेटीतले चार फोटो म्हणजे स्मारक नव्हे. ज्ञात पुरातत्त्वीय आणि जीवाश्म स्थळांजवळ पाया खोदताना तज्ज्ञ हजर हवा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला हवा. खर्च कोणी करायचा? विक्रीच्या टॉवरमधून जो नफा कमावतो, त्याने.

आणि सरकार करेल म्हणून थांबू नका. मोबाईल खिशात आहे. आजीला बोलते करा, तारीख-ठिकाण लिहा, प्रती दोन ठिकाणी ठेवा. आपल्या वस्तीच्या आराखड्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. पाडणारे पहाटेच्या अंधारात येतात. नोंद करणाऱ्यांनी त्याआधी, भर दिवसा, पोहोचले पाहिजे.

जय भीम!